वाचक विचारतात : गवताचा फुलोरा आणि बांबूची फांदी

गवतकुळातील वनस्पतींविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ज्वारी, मका, ऊस, बांबू आणि दूर्वा असे त्यांचे विषय वेगवेगळे दिसतात. परंतु प्रत्येकाचे उत्तर शोधताना खोडाचा शेंडा आणि पानाच्या बगलेतील डोळा या दोनच ठिकाणी पुन्हा पुन्हा जावे लागले, म्हणून ती क्रमाने वाचावीत अशी विनंती आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फुलाचे भाग शिकवताना जास्वंद दाखवते. या वर्षी एका मुलीने विचारले, "बाई, ज्वारीचे फूल कुठे असते?" कणीस म्हणजेच फूल, असे सांगून मी पुढे गेले, पण ते उत्तर मला स्वतःलाच पटलेले नाही. मुलांना काय दाखवावे?
— एक शिक्षिका, माण तालुका, जि. सातारा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कणीस हे एक फूल नसून शेकडो, पुष्कळदा हजारावर फुले अंगावर वागवणारा फांद्यांचा संच आहे. ज्वारीचे ताट वाढत असताना त्याचा शेंडा एकामागून एक पाने तयार करत असतो. एका टप्प्यावर तो पाने करणे थांबवतो आणि फांद्या करू लागतो. हा बदल आपल्याला दिसत नाही, कारण तो पानांच्या आवरणांत दडलेला असतो. पुढे पोटरी फुगते, ज्वारी निसवते आणि आत आधीच तयार झालेला हा फांद्यांचा संच बाहेर येतो. झाडाची कोणतीही साधी फांदी पाहिली तर ती एखाद्या पानाच्या बगलेतून निघालेली असते. कणसातील फांद्यांच्या खाली मात्र पान नसते. गवतांनी फुलोऱ्यात पाने गाळून टाकली आणि केवळ फांद्या ठेवल्या, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी, कारण बांबूच्या प्रश्नाकडे आपण येऊ तेव्हा तिचा उपयोग होणार आहे.

नुकत्याच निसवलेल्या कणसाची एक बारीक फांदी तोडून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरावी. तिच्यावर तुसांचे लहान जोड दिसतील. या जोडांतील प्रत्येक घटकाला वनस्पतिशास्त्रात कणिशक म्हणतात आणि गवतांच्या फुलोऱ्याचे मोजमाप फुलात नव्हे, तर कणिशकांत केले जाते. ज्वारीच्या जोडीतील एक कणिशक फांदीला थेट चिकटलेले आणि टपोरे असते, दाणा त्याच्यात भरतो. दुसरे बारीक देठावर उभे असते, ते नर किंवा वांझ असते. फांदीच्या अगदी टोकाला मात्र जोडीऐवजी त्रिकूट आढळते, म्हणजे एक बिनदेठाचे आणि दोन देठाची. हे त्रिकूट शोधून काढणाऱ्या मुलाला गवताचा फुलोरा निम्मा तरी समजला असे मी समजेन.

आता बिनदेठाच्या कणिशकाची तुसे सुईने हळूच उघडावीत. आत तीन पुंकेसर, पिसासारखी दोन कुक्षी आणि तळाशी दोन सूक्ष्म, मांसल खवले दिसतील. या खवल्यांना लॉडिक्यूल म्हणतात. गवताला पाकळ्या नसतात असे आपण सहजपणे सांगतो, पण इतर फुलांत पाकळ्या जेथे असतात नेमक्या त्याच जागी हे खवले असतात आणि त्यांच्या घडणीमागील जनुकेही पाकळ्यांच्या घडणीशी नाते सांगतात. ते पाणी शोषून फुगतात आणि तुसे बाजूला सारतात, म्हणून केसर बाहेर लोंबू शकतात. काम झाले की ते सुकतात आणि तुसे पुन्हा मिटतात. भाताच्या शेतात सकाळी नऊपासून दुपारपर्यंत ही उघडझाप प्रत्यक्ष पाहता येते. भाताच्या फुलात तीनऐवजी सहा पुंकेसर असतात, हेही त्या वेळी मोजून घ्यावे.

ज्वारीचे कणीस शेंड्याकडून खाली फुलत येते, तर गव्हाची ओंबी मधल्या भागापासून फुलू लागून वर आणि खाली जाते. मुलांनी चार-पाच दिवस एकाच कणसावर दोरा बांधून रोज नोंद केली, तर हा क्रम त्यांना पुस्तकाशिवाय समजेल. माझ्या मते सुरुवात ज्वारीपासून न करता गव्हाच्या ओंबीपासून करावी, कारण तिच्यात फांद्याच नसतात. कणिशके मधल्या दांड्यावर डावी-उजवी अशी थेट बसलेली असतात आणि प्रत्येकात तीन ते पाच फुले असतात. त्यानंतर फांद्या सुटलेली भाताची लोंबी दाखवावी, मग टोकाशी बोटांसारखी पसरलेली नाचणी, आणि ज्वारी शेवटी घ्यावी. जास्वंद बाजूला ठेवण्याचे कारण नाही. एक पाकळी आणि एक लॉडिक्यूल शेजारी ठेवून भिंगातून दाखवले, तर मुलीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तिला मिळेल.

प्रश्न : मक्याच्या कणसातील दाण्यांच्या ओळी मी दर वेळी मोजतो. बारा, चौदा, सोळा अशा त्या नेहमी सम संख्येतच कशा येतात?
— एक वाचक, सिल्लोड

उत्तर : वर सांगितलेली कणिशकांची जोडी येथेही कामाला येते. मका आणि ज्वारी एकाच गटातील आहेत आणि मक्यातही कणिशके जोडीनेच लागतात. फरक इतकाच, की मक्याच्या कणसात जोडीतील दोन्ही कणिशके दाणा धरतात. प्रत्येक कणिशकात सुरुवातीला दोन फुले असतात, त्यांपैकी खालचे खुंटते आणि वरच्या एकाचाच दाणा होतो. म्हणून एका जोडीतून दोन दाणे शेजारी-शेजारी बसतात आणि ओळी दोनाच्या पटीत पडतात. दाणे भरताना काही जागा रिकाम्या राहिल्या किंवा कणीस टोकाकडे निमुळते होताना एखादी जोडी सुटली, तर मोजणीत गोंधळ होऊ शकतो, त्यामुळे कणसाच्या मधल्या भागात मोजावे.

याच्याशी संबंधित आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मक्याचा तुरा शेंड्यावर असतो आणि तो पूर्ण नर असतो. कणीस मात्र पानाच्या बगलेत येते, म्हणजेच ते एक आखूड झालेली बाजूची फांदी आहे. कणसावरील हिरवी सालपटे ही त्या फांदीची पाने असून पेरे, म्हणजे दोन गाठींमधील भाग, अतिशय आखूड राहिल्यामुळे ती एकमेकांवर गुंडाळली जातात. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे हे मेक्सिकोतील गवत आहे. त्याच्या बाजूच्या फांद्या लांब वाढतात आणि तुऱ्यात संपतात. शेतीच्या हजारो वर्षांत माणसाने निवडीने ज्या रोपांच्या फांद्या आखडल्या होत्या ती राखली. जॉन डोबली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवले, की फांद्या रोखणाऱ्या एका जनुकाचे काम मक्यात वाढलेले आहे.

प्रश्न : आमच्या उसाला तुरा आला. तुरा आल्यावर वाढ थांबते, दशी पडते म्हणजे कांडी आतून पोकळ होते, आणि वरच्या डोळ्यांतून पांगशा म्हणजे बाजूचे फुटवे निघतात. तुरा लगेच छाटून टाकला तर ऊस पुन्हा वाढू लागेल का?
— एक शेतकरी, कराड तालुका

उत्तर : नाही. याचे कारण असे, की तुरा हा उसाच्या शेंड्यावर येऊन बसलेली वेगळी वस्तू नाही. शेंडाच तुरा झालेला आहे. नवे पेर आणि नवे पान तयार करणारा जो सूक्ष्म वाढबिंदू होता, त्याने आपले सारे पेशीधन फुलोऱ्यात घातले. आता छाटणी केली तरी त्या जागी वाढबिंदू शिल्लक नाही. हा निर्णयही तुरा दिसण्याच्या दोन-तीन महिने आधी, पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिवसाची लांबी साडेबारा तासांच्या आसपास येते तेव्हा होऊन गेलेला असतो.

पांगशांचे कारणही यातच आहे. जिवंत शेंडा खालच्या डोळ्यांना दबवून ठेवतो. शेंड्याकडून खाली येणारा ऑक्सिन हा संप्रेरकाचा प्रवाह चालू असेपर्यंत बगलेतील डोळे झोपलेले राहतात. शेंडा तुऱ्यात संपला की हा दाब जातो आणि वरचे डोळे आधी जागे होतात. पांगशा वाढण्यासाठी लागणारी साखर उसाच्या कांड्यांतूनच घेतली जाते, पेशी रिकाम्या होऊ लागतात आणि दशी पडते. तुरा दिसताक्षणी साखर घसरते असे मात्र नाही. सुरुवातीला वाढ थांबल्यामुळे साखरेचा उतारा टिकतो, नंतर तो कमी होतो. म्हणून तुरा आलेल्या फडाची तोडणी आधी व्हावी यासाठी प्रयत्न करणे, हाच यावर उपाय आहे. पुढील लागणीच्या वेळी तुरा कमी धरणारी जात निवडावी.

शेतकऱ्याला नकोसा असलेला हा तुरा ऊस संशोधकाला मात्र हवाच असतो, कारण त्याशिवाय संकर करता येत नाही. कोईमतूरच्या हवामानात ऊस चांगला फुलतो, म्हणून 1912 मध्ये तेथे ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. टी. एस. वेंकटरमण यांनी तेथे रानटी काशाच्या गवताशी उसाचा संकर करून को 205 ही जात तयार केली. ऊस आणि बांबू यांच्या संकराचेही प्रयोग याच केंद्रात झाले, त्यावरून या दोन गवतांचे नाते किती जवळचे मानले गेले ते लक्षात येते.

प्रश्न : फांद्यांवरून बांबूची जात ओळखता येते का? आमच्याकडे फुले कधीच दिसत नाहीत, त्यामुळे पुस्तकातील वर्णनाचा उपयोग होत नाही.
— एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : येते, आणि बांबूच्या अभ्यासकांनी नेमक्या याच अडचणीमुळे फांद्या, कोंभावरील आवरणे आणि जमिनीतील कंद यांना फुलांइतकेच महत्त्व दिले. एफ. ए. मॅक्ल्यूर या अमेरिकी अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या मध्यास या पद्धतीचा पाया घातला.

पावसाळ्यात जमिनीतून येणारा वास्ता, म्हणजे बांबूचा कोवळा कोंभ, पाहावा. तो पूर्ण जाडीचाच वर येतो, एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो आणि पुढे जाड होत नाही. उंची पूर्ण होत आल्यावर गाठींवरील डोळे फुटतात. हे डोळे एका गाठीवर डाव्या, तर पुढच्या गाठीवर उजव्या बाजूला असतात. डोळा एकच असला तरी त्यातून किती फांद्या निघतात, हे जातीवर ठरते. कळक या काटेरी बांबूला मधली एक जाड फांदी आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक फांद्या असतात, आणि खालच्या गाठींवर या फांद्यांचे तीन-तीनच्या जुळणीने वाकडे काटे होतात. म्हणजे कळकाचा काटा ही मुळात फांदीच आहे. आपल्याकडील मानवेल या बांबूला असे काटे नसतात आणि तिची काठी बहुधा भरीव असते. मिझोराममधील मेलोकॅना या बांबूच्या गाठीवर जवळजवळ सारख्या जाडीच्या पुष्कळ बारीक फांद्यांचा झुबका येतो. अरुणाचलच्या झिरो खोऱ्यात लावल्या जाणाऱ्या फायलोस्टॅकिस बांबूला प्रत्येक गाठीवर एक मोठी आणि एक लहान अशा दोनच फांद्या असतात, आणि त्यांच्या वरच्या पेरावर लांबट खोबण असते.

खरे तर बांबूचे बेट हीसुद्धा फांद्यांचीच रचना आहे, फक्त ती जमिनीखाली आडवी आहे. प्रत्येक नवी काठी जुन्या काठीच्या कंदावरील डोळ्यातून निघते. कळक आणि मानवेल यांच्या कंदांची मान आखूड असल्यामुळे काठ्या दाटीने उभ्या राहतात, तर मेलोकॅनाच्या कंदाची मान लांब असल्याने तिच्या काठ्या विखुरलेल्या दिसतात. म्हणून बेटातून काठ्या काढताना बाहेरील कोवळ्या काठ्या राखून आतील तीन वर्षांहून जुन्या काठ्या काढाव्यात, असे अनुभवी लोक सांगतात. कोवळी काठी काढली तर पुढच्या वर्षीच्या वास्त्यांचे डोळे ज्या कंदावर आहेत, तोच कंद उपाशी राहतो.

प्रश्न : परसात आजोबांनी लावलेले कळकाचे मोठे बेट आहे. या वर्षी पाने गळली आणि गाठीगाठीवर तुसांचे झुबके आले. गावातील काही जण म्हणतात, कळक फुलला की दुष्काळ पडतो, बेट तोडून जाळून टाका. बेट खरोखरच मरेल का? काय करावे?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : बेट बहुतेक मरेल, हे मी आपल्याला स्पष्टपणे सांगतो. ते जाळू मात्र नये. आजोबांच्या हातचे बेट जाताना पाहणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे; पण ज्या वेळी ते जात आहे, त्याच वेळी ते आपल्या हाती बीही देत आहे.

आधी ते का मरते ते पाहू. ज्वारीचा एक शेंडा तुऱ्यात संपला तरी ती एका हंगामाचेच पीक आहे. उसाचा शेंडा संपला तरी खोडव्यासाठी जमिनीतील डोळे शिल्लक राहतात. कळकाच्या बाबतीत असे होते, की एका ठरावीक वयानंतर बेटातील जवळजवळ सर्व काठ्यांचे सर्व डोळे पाने करण्याऐवजी फुलोरा करू लागतात. ज्वारीच्या कणसात फांद्यांखालील पाने गळून गेलेली असतात, हे आपण वर पाहिले. बांबूच्या फुलोऱ्यात ती पूर्णपणे गेलेली नाहीत, तेथे पानांच्या जागी लहान खवले राहिले आहेत, आणि त्या खवल्यांच्या बगलेत डोळेही आहेत. त्यामुळे कळकाच्या कणिशकाच्या तळाशी नवे डोळे असतात, त्यांतून नवी कणिशके निघतात, त्यांच्या तळाशी पुन्हा डोळे असतात आणि हे चालूच राहते. मॅक्ल्यूर यांनी अशा कणिशकांना आभासी कणिशक असे नाव दिले. गाठीवर दिसणारे तुसांचे झुबके असे वाढत जातात. मानवेलीमध्ये तर त्यांचे काटेरी गोळेच होतात. गहू किंवा भात आपला फुलोरा एकदाच आखतो आणि पूर्ण करतो. बांबू फुलोऱ्यावर फुलोरा चढवत राहतो. या काळात नवी पाने येत नाहीत, म्हणून अन्न तयार होत नाही. कंदातील साठा बी भरण्यात संपतो आणि एक ते तीन वर्षांत काठ्या वाळून जातात. कळकाचा उगवल्यापासून फुलेपर्यंतचा काळ साधारण 32 ते 45 वर्षांचा धरला जातो. आपल्या डोंगरांवरील कारवी सात वर्षांनी फुलून मरते, तीही याच जीवनक्रमाची, जरी ती गवतकुळातील नाही.

दुष्काळाची समजूत पूर्णपणे निराधार नाही, परंतु तिच्यात कारण उलटे धरले गेले आहे. बांबू फुलल्यामुळे पाऊस कमी होत नाही. एकाच वेळी जंगलभर बी पडते, ते खाऊन उंदीर अफाट वाढतात आणि बी संपले की शेतातील पिकांवर येतात. मिझोरामच्या डोंगरांत मेलोकॅना सुमारे 48 वर्षांनी फुलते. तिला मिझो भाषेत मौ म्हणतात, आणि तिच्या फुलण्याबरोबर येणाऱ्या संकटाला मौताम, म्हणजे बांबूचे मरण. 1959 च्या सुमारास तेथे मोठा दुष्काळ पडला. मदतीसाठी उभी राहिलेली मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट ही संघटना 1961 मध्ये मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष झाली. 1966 मध्ये उठाव झाला आणि 1986 मध्ये करार होऊन तो मिटला. त्यानंतरची मौताम 2007 च्या आसपास अपेक्षेप्रमाणे आली.

उलट बाजूची नोंदही आपल्या शेजारचीच आहे. 1864 मध्ये उत्तर कानडा जिल्ह्यातील सुपा भागात बांबू फुलला, तेव्हा धारवाड आणि बेळगाव भागांतून सुमारे 50,000 माणसे बी गोळा करण्यासाठी जंगलात आली, दहा-चौदा दिवस राहिली आणि पावसाळ्यापुरते धान्य घेऊन परतली, असा त्या काळचा सरकारी अंदाज आहे. कळकाचे बी दिसायला भातासारखे असते आणि शिजवूनही खाल्ले जाते. ज्याला एका डोंगरावर दुष्काळाचा संकेत म्हटले जाते, त्याने दुसऱ्या डोंगरावर लोकांना जगवले आहे.

इतक्या झाडांनी एकत्र का फुलावे, याचे एक पटणारे उत्तर अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी 1976 मध्ये मांडले. थोडे बी दरवर्षी पडले तर उंदीर आणि पक्षी ते संपवतात. एकाच वर्षी अमाप पडले तर खाणाऱ्यांची पोटे भरूनही पुष्कळ बी उरते. जी बेटे वेगळ्या वर्षी फुलली, त्यांची रोपे वाचली नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्या वेळ जुळत गेली.

आता करायच्या गोष्टी. बेटाखालची जमीन झाडून स्वच्छ करावी आणि बी पिकून पडू लागले की दर दोन-चार दिवसांनी गोळा करावे. त्याची उगवणशक्ती साध्या हवेत काही महिन्यांतच घटते, म्हणून साठवण न करता लगेच पिशव्यांत पेरावे. रोप पहिल्या वर्षी साध्या गवतासारखे बारीक दिसते. ते तण समजून उपटले जाऊ नये आणि गुरांपासून राखले जावे. जुन्या बेटाच्या कंदाचे तुकडे लावू नयेत, आणि आजोबांनी याच बेटातून कोणाला कंद दिला असेल, तर त्यांनाही कळवावे. कारण कंदापासून केलेले बेट वयाने जुन्याइतकेच असते आणि बहुधा त्याच सुमारास फुलते. वाळलेल्या काठ्या उन्हाळ्यापूर्वी काढाव्यात, नाहीतर वणव्याची भीती असते. सिंधुदुर्गात लागवडीसाठी आवडता असलेला माणगा हा बांबू बी धरत नाही, म्हणून तो कंद आणि कांड्यांपासूनच वाढवतात. आपल्या कळकाने मात्र आपल्याला बियाणे दिले आहे.

प्रश्न : गणपतीला तुरा न आलेली दूर्वा वाहावी, असे आमच्या घरी सांगतात. यामागे काही कारण असेल का? दूर्वेच्या एका ठिकाणी तीन-तीन पाती कशी येतात?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पूजेतील संकेताचा अर्थ सांगणे माझ्या विषयात बसत नाही. वनस्पतीच्या दृष्टीने एवढे खरे, की तुरा आलेल्या दूर्वेच्या काडीचा शेंडा संपलेला असतो. त्याच्या टोकावर तीन ते सहा बोटांसारखे फाटे येतात आणि त्यांच्या एका बाजूला कणिशके दाटीने लागतात, अगदी नाचणीसारखी. कारण ही दोन्ही गवते एकाच उपकुळातील आहेत. तुरा न आलेल्या काडीचा शेंडा मात्र अजून पाती करत असतो.

दूर्वेची पाने इतर गवतांप्रमाणेच एकाआड एक, दोन रांगांत येतात. परंतु जमिनीवर धावणाऱ्या काडीचे एक पेर लांब वाढते आणि त्याच्या पुढची एक-दोन पेरे इतकी आखूड राहतात, की त्यांवरची पाने एकाच जागेतून निघाल्यासारखी दिसतात. अशी एक काडी नखाने हलकेच सोलून पाहिली, तर पात्यांच्या बुंध्यांमधील बारीक अंतर दिसते, आणि प्रत्येक पात्याच्या बगलेत एक पांढुरका डोळाही सापडतो. मातीला टेकलेला तोच डोळा पुढे मुळे धरतो आणि नवी काडी सोडतो.